नगरातला भिक्खुणी-उपाश्रय



या परिषदेसाठी ‘संघभेद’ हा विषय ठरला तेव्हा काहींनी विचारले, फुटीची चर्चा कशाला? मी म्हणतो, ती जुन्नरलाच व्हायला हवी.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत वाद पेटला. शिंगात मीठ साठवावे का, भिक्खूने सोने-रुपे स्वीकारावे का, अशा दहा बाबींवरून. पाली परंपरा फुटीचे मूळ तिथे पाहते, तर उत्तरेकडचे ग्रंथ महादेव नावाच्या उपदेशकाकडे बोट दाखवतात. अर्हतालाही शंका उरते, असे तो म्हणे. विरोधकांनी त्याच्या माथी इतकी पापे मारली, की खरा महादेव हाती लागणे कठीण! युरोपात १५२५ साली झुरिकला बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा म्हणणारे असेच वेगळे झाले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७मध्ये लिमाट नदीत बुडवून मारले.

आमच्या डोंगरांतले लेख मात्र काय सांगतात? गिरिभूती नावाच्या दात्याने लेणे, पोढी म्हणजे पाण्याचे टाके आणि अक्षयनीवी म्हणजे कायमची ठेव दिली. त्याच लेखात ‘नगरात’ असलेल्या धम्मुत्तरियांच्या भिक्खुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. धम्मुत्तरिय हा निकाय, म्हणजे पंथ, वात्सीपुत्रीयांतून फुटलेला. दुसऱ्या एका लेखात अपराजित गण येतो. नाशिकला भद्रयाणीय, कार्ल्याला महासांघिक. पण त्याच कार्ल्याच्या चैत्यात एक खांब सोपाऱ्याच्या, धम्मुत्तरिय परंपरेतल्या भिक्खूने दिला आहे. मते वेगळी होती, तरी दानाला ती आड आली नाहीत. महाराष्ट्राच्या धर्मेतिहासातली ही मोलाची गोष्ट आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पैशाचेही तसेच. वैशालीत ज्या सोन्या-रुप्यावरून जुंपली, त्यावर इथे तोड निघालेली दिसते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवायची, व्याजातून संघाचा खर्च चालवायचा. भिक्खूच्या हाताला नाणे लागायलाच नको.

अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. लेणी डोंगरात, पण भिक्खुणी राहत होत्या नगरात. त्यांचा उपाश्रय नेमका कुठे होता? कुकडीकाठच्या जुन्या वस्तीत घराचा पाया खणताना जुनी वीट निघाली, तर ती कोणी पाहायची, कुठे नोंदवायची, हे या परिषदेत ठरवा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांना त्यात घ्या. गावात काय निघाले ते त्यांच्या कानावर आधी येते.

उद्या लेण्याद्रीला सहाव्या लेण्यात कल्याणच्या सुलसदत्ताचा लेख पाहाल. अक्षरे उठून दिसावीत म्हणून कृपा करून खडू फिरवू नका. आणि चित नावाच्या यवनाने इथे संघाला भोजनमंडप दिला होता, तेव्हा जुन्नरहून कोणी उपाशी जाता कामा नये. दुपारी सर्वांनी पंगतीला थांबावे, ही आग्रहाची विनंती.