टरफले कोणी उचलायची?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामातले, इतरांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी सांगावे, असा संयोजकांचा निरोप होता. मी संगणकाच्या क्षेत्रातली. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न मी निवडला आहे : "वेग जास्त म्हणून ई-चलान आलंय, काय करू?"

आपण रत्नागिरीची मुले. एक ऑगस्टला शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली नाही, असा आपल्यात कोणी नसेल. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही." ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितली की तिचे दुसरे टोक विसरलो. ज्याने शेंगा खाल्ल्या असतील, त्याने टरफले उचलायची असतात. आज मला दोन्ही टोकांबद्दल बोलायचे आहे.

माझा मावसभाऊ पर्यटकांना गाडीतून फिरवतो. गणपतीपुळे, पावस, जयगड असा त्याचा रोजचा फेरा. एक दिवस त्याच्या मोबाइलवर दोन हजारांचे चलान आले. ठिकाण इथून तीनशे किलोमीटर दूर, आणि त्या दिवशी गाडी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये क्लच काढून उभी होती! तरी हा पैसे भरायला निघाला. म्हणाला, "ताई, दोन हजार गेले तर गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

ही म्हण आपल्या हाडात आहे. जमिनीच्या वाटण्यांचे खटले तीन-तीन पिढ्या चाललेले पाहूनच ती आली असणार. पण इथे ती लागू नाही. वेगाचा गुन्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली येतो आणि त्याच कलमात, दुसऱ्यांदा गुन्हा झाल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. ज्याचे पोट परवान्यावर आहे, त्याने न केलेला गुन्हा आपल्या नावावर चढू देणे म्हणजे दोन हजारांचा प्रश्न राहत नाही.

आम्ही चलानावरचा फोटो मोठा करून पाहिला. भावाची गाडी पांढरी, फोटोतली करडी. क्रमांकात शेवटचा आकडा इंग्रजी ३, आणि यंत्राने वाचला होता ८. यात कोणाचा कट वगैरे नसतो. कॅमेरा फोटो काढतो आणि संगणकाचा प्रोग्रॅम त्या चित्रातून अक्षरे ओळखतो. पाटीवर चिखल असेल, स्क्रू नेमका आकड्यावर बसला असेल किंवा पावसाचा थेंब असेल, तर ३ चा ८ आणि बी चा ८ सहज होतो. असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत माझे आयुष्य गेले, म्हणून सांगते : यंत्र चुकते तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते. म्हणून शेवटी माणसाने पाहायचे असते.

मग आम्ही महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवली. सोबत आरसी बुकाची प्रत, गाडीचा समोरून काढलेला फोटो, गॅरेजचे बिल, आणि त्या तारखेला एकाही टोलनाक्याची नोंद नसलेले फास्टॅगचे स्टेटमेंट. तक्रारीत रागाचा एक शब्दही नव्हता. तारीख, वेळ आणि दोन फोटोंतला फरक, एवढेच. दोन महिने लागले, दोनदा आठवण करावी लागली, पण चलान रद्द झाले.

आता तुमच्यासाठी. चलान आले की पैसे भरण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, फोटो. गाडी तुमचीच आहे का? क्रमांक स्पष्ट दिसतो का? केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यानुसार अशा चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले हे असावे लागते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही लागते.

दुसरी, तारीख. त्याच नियमाप्रमाणे गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. शिवाय मूळ कायद्यात कलम २०९ आहे. वेगाच्या गुन्ह्यात जागेवरच ताकीद दिली नसेल, तर १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स गेल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही. अर्थात नाव-पत्ता शोधूनही वेळेत मिळाला नाही किंवा उशीर तुमच्याच वागण्यामुळे झाला, तर ही सवलत नाही. म्हणून आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक आधी अद्ययावत करून घ्या. मुंबईला स्थायिक होऊनही गाडी अजून माळनाक्याच्या जुन्या पत्त्यावर ठेवणारे या सभागृहात किमान चार जण आहेत. मी नावे घेत नाही!

तिसरी, वेगमर्यादा. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारीसाठी कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० आहे. राज्य सरकार ती कमी करू शकते, आणि आपल्याकडे घाटात व वस्तीजवळ ती कमीच असते. पण तशी मर्यादा सांगणारा फलक रस्त्यावर हवा. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधीही सूचनाफलक हवा, असे नियम १६७-अ सांगतो. फलक नसेल तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा.

चौथी, यंत्र. वेग मोजणाऱ्या उपकरणाला अचूकतेचे प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नवे करावे लागते. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नुसत्या एका साक्षीदाराच्या "गाडी जोरात होती" या मतावर कलम १८३ खाली शिक्षा होत नाही. त्यामागे यंत्राचे मोजमाप लागते.

तक्रार फेटाळली गेली तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मांडता येते. महाराष्ट्रात वाहतूक चलानांसाठी व्हर्च्युअल कोर्टही आहे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या कोर्टाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० ला झाले. तिथे "दंड भरतो" किंवा "मला लढायचे आहे" असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मैत्रिणींनो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. हे पुष्कळ जणींना माहीत नसते.

"दंड कमी होतो का?" हा पुढचा प्रश्न. चलानावरचा आकडा हे तडजोड शुल्क असते, ते राज्य सरकार ठरवते. रस्त्यावरचा हवालदार ते कमी करू शकत नाही. कोर्टाला हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजारांच्या मधली रक्कम ठरवता येते, म्हणजे फार तर हजार वाचतील. त्यासाठी दिवसाची मजुरी घालवायची का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. तिथे सगळे संमतीने होते. पटले नाही तर प्रकरण परत कोर्टात जाते. मात्र तिथे एकदा मान्य केले की अपील नाही, म्हणून खोटे चलान तिथे "मिटवून" टाकू नका.

आता गोष्टीचे दुसरे टोक. पुढच्या वर्षी त्याच भावाला दुसरे चलान आले. या वेळी गाडी त्याची, क्रमांक त्याचा, ६० चा फलक आम्ही दोघांनी जाऊन पाहिला, आणि वेग ८४. तो म्हणाला, "ताई, मागच्यासारखं हेही काढून टाक ना. नोटिशीच्या तारखेत काही सापडतंय का बघ." मी नाही म्हटले. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग पैसे भरले.

८४ आणि ६० मध्ये काय एवढे, असे वाटते. आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलेले सूत्र आठवा : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८४ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग, उत्तर जवळजवळ दोन. वेग दीडपटही नाही, पण धडकेतली ऊर्जा दुप्पट. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते, ८४ ला तेवीस मीटरहून जास्त. ब्रेकवर पाय जाण्याआधीच्या त्या एका सेकंदात शाळेतून सुटलेले पोर रस्त्यावर येते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. सरकारी अहवाल सांगतो की त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. आपल्या जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावर ज्यांच्या घरातले कोणी गेले, त्यांना आकडा सांगायची गरज नाही. या सभागृहातही अशी घरे आहेत.

म्हणून, मित्रांनो, कायद्यातल्या या तारखा आणि प्रमाणपत्रे निर्दोष माणसाच्या रक्षणासाठी आहेत. ती आपण पळवाटा म्हणून वापरू लागलो, तर उद्या खरोखर निर्दोष असलेल्याचे कोणी ऐकणार नाही. शेंगा खाल्ल्या नसतील तर पैसे भरू नका; शांतपणे, कागद हातात घेऊन भांडा. खाल्ल्या असतील तर टरफले उचला, आणि पुढच्या वेळी फलक पाहून पाय उचला.

आज मेळावा संपल्यावर कितीतरी जण रात्रीच मुंबई-पुण्याकडे निघणार आहेत. हातखंब्यापासून पुढे सावकाश जा. घरी पोहोचल्यावर ग्रुपवर दोन शब्द टाका. बाईंनाही तो मेसेज आला की झोप लागते, हे त्यांनीच मला मघाशी सांगितले.