फेरे गळतात कुठे?

उस्ताद मंडळी, गॅरेजवाल्या बंधूंनो आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभ्या राहिलेल्या पोरांनो,

अध्यक्षानं वेळेवर यायचं असतं. मी आलो नाही. अंजूरफाट्याला तासभर अडकलो. माझ्यापुढे गाठींनी लादलेला एक टेम्पो होता. त्याचा ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकत होता आणि जळक्या लायनिंगचा वास माझ्या काचेतून आत येत होता. लिहून आणलेलं भाषण तिथंच खिशात ठेवलं.

तो टेम्पो आठ-पंधरा दिवसांत तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात उभा राहणार आहे. मालक म्हणेल, ‘गाडी ओरडते, पण उठत नाही.’ आपण वहीत काय लिहिणार? ‘पिकअप नाही.’ माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. या नावाखाली आपण दोन निराळे आजार एकाच खाटेवर झोपवतो. पाय दाबला तरी इंजिनचा आवाज चढतच नाही, हा एक आजार. एअर फिल्टर तुंबला असेल, डिझेल फिल्टर चोंदला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल, सायलेन्सर आतून बुजला असेल. तिथं इंजिनच्या बाजूनं शोधा. दुसऱ्या आजारात आवाज चढतो, काटा चढतो, गाडी मात्र जागची हलायला कुरकुरते. तिथं इंजिन आपलं काम चोख करतंय. केलेलं काम चाकापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. जुन्या मागावर पट्टा तेलकट झाला की मोटर फिरायची आणि माग रेंगाळायचा. तेव्हा कुणी मोटर खोलत नसे. पट्टा पुसायचे, ताणायचे, राळ लावायचे. यंत्रमागावर जे शहाणपण आपल्या वाडवडिलांनी दाखवलं, ते गॅरेजात आपण का विसरतो?

थोडा हिशेब करू. समजा, पिकअपचा चौथा गिअर सरळ एकास एक आहे, मागच्या धुऱ्यात चारास एक आणि चाकाचा घेर दोन मीटर. इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरलं तर चाक 500 फिरणार, गाडी मिनिटाला 1000 मीटर जाणार, म्हणजे ताशी 60 किलोमीटर. यात घासाघीस नाही, दात दातात बसलेत. आता काटा 3000 वर गेला तर वेग 90 व्हायलाच हवा. तो 60 वरच राहिला, तर हजार फेरे प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये जळतायत. वास त्यांचाच.

म्हणून आधी गाडी चालवून बघा. मोकळा रस्ता धरा, ताशी चाळीसच्या आसपास वरच्या गिअरला टाका आणि पाय दाबा. खालच्या गिअरला लपलेली सटक वरच्या गिअरला उघडी पडते. गॅरेजातच बघायचं असेल तर चाकांना उटी लावा, पुढे कुणी उभं नाही याची खात्री करा, हँडब्रेक ओढा, चौथा टाका आणि हलका पाय देऊन क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरते. फिरतच राहिलं तर धरत नाही. हा प्रयोग एकदाच. हौसेनं तीनदा केलात तर राहिलेली प्लेट तुम्हीच जाळाल.

आणि प्लेट धरत नाही म्हणजे प्लेट संपलीच, असं नाही. ही चूक मी केली आहे. नवा होतो तेव्हा कसाऱ्याच्या घाटात दम सोडणारा एक टेम्पो माझ्याकडे आला. गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट टाकली, पैसे घेतले. तीन आठवड्यांत तो परत दारात. माझ्या उस्तादांनी काही न बोलता काढलेली प्लेट माझ्या हातात दिली. ती तेलानं चकाकत होती. क्रँकमागचं ऑइल सील गळत होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं. त्या सीलची किंमत प्लेटच्या पासंगालाही पुरत नव्हती. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स फुकट उतरवला, ती माझी फी. तेव्हापासून उघडण्याआधी पेडलचा फ्रीप्ले बघतो. तो नसेल तर केबल ताणलेली असते, बेअरिंग दिवसभर दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही सटकते. पाना एकदा फिरवून सुटणाऱ्या कामासाठी किती गिअरबॉक्स या तालुक्यात उतरले असतील, देव जाणे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं आणि स्कॅनर आपल्या हातात आला. चांगलं झालं. पण साध्या क्लचच्या गाडीत लायनिंग किती उरलंय, हे स्कॅनर सांगत नाही. ‘कोड नाही म्हणजे बिघाड नाही’ म्हणणारी पोरं मला भेटतात. अरे, नाक आहे ना? 2014 मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे रुळली. तिच्यात क्लचचं पेडल नसलं तरी प्लेट असतेच आणि मानकोलीच्या कोंडीत तीही झिजते. सीव्हीटीचं मात्र वेगळं. तिथं पाय दाबल्यावर आधी आवाज चढणं आणि वेग मागून येणं, हा बऱ्याचदा स्वभावच असतो. ती आजारी नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा आणि घरी पाठवा.

इथंच मुद्दा पैशावर येतो. घरी पाठवलं तर बिल कशाचं करायचं? आपण मजुरी लावतो ती बोल्ट खोलण्याची. अर्धा तास गाडी चालवून, कान देऊन, वास घेऊन आजार ओळखला तर त्याचे पैसे मागायला आपण लाजतो आणि मग बिल भरावं म्हणून प्लेट बदलतो. डॉक्टर नाडीचे पैसे घेतात. आपणही ‘तपासणी’ असा वेगळा रकाना बिलात छापून घ्या, उद्यापासून.

आणखी एक, पोरांसाठी. क्लचची भुकटी हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असायचं आणि ते छातीत गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, तोंड झाका.

मागच्या मैदानात एक जुनी पिकअप उभी आहे. काटा चढतो, गाडी चढत नाही. तिला काय झालंय ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. जेवणाआधी एकेकानं जाऊन बघा. पाने इथंच टेबलावर ठेवून जा.