समुपदेशन कक्षाचा जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोगनिदान हा आमचा प्रांत नव्हे. तरीही आज आम्ही एका आजाराविषयी बोलणार आहोत, कारण तो आम्हांला प्रथम दिसला तो हिशेबाच्या वहीत.

डॉक्टरांनी समुपदेशिकेच्या मानधनाची तरतूद मागितली, तेव्हा हरकत आम्हीच घेतली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘नुसत्या बोलण्याचे पैसे कसले?’ हे आमचेच शब्द. क्ष-किरण यंत्र घेतले तर ते देणगीदारांना दाखविता येते; दोन खुर्च्या आणि एक पडदा काय दाखविणार?

पुढे सवलतीची देयके तपासताना एका मावशींच्या नावावर एकाच पावसाळ्यातले चार ईसीजी आढळले. चारही निर्दोष. (मावशींच्या संमतीने सांगत आहोत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मावशी सोंग करीत नव्हत्या. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाशी काही अडकल्यासारखे, आणि आता आपले काही खरे नाही अशी खात्री. मुलगा पिरंगुटला कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो आणि रात्री मोटारसायकलवरून परततो. एका पावसाळी रात्री त्याला फार उशीर झाला, तेव्हापासून हे सुरू झाले. मग एसटीत बसणे सुटले, बाजार सुटला, शेवटी शेजारच्या लग्नालाही जाणे सुटले. घरच्यांनी देवऋषी केला, उतारे टाकले, कोणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्याही झाल्या. सारे मायेपोटीच. पण आपण जे जे टाळतो, त्याची भीती टाळल्यामुळेच वाढते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्हांलाही ते ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी आधी रक्तक्षय आणि थायरॉइड तपासून घेतले, कारण धडधड त्यामुळेही होते. नंतर मावशी पडद्यामागच्या खुर्चीवर बसल्या. समुपदेशिकेने पहिल्या भेटीत उपदेश केला नाही. भ्यायल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरते, एवढेच तिने समजावले. मावशी त्या मुंग्यांचा अर्थ ‘हृदय बंद पडते आहे’ असा लावीत, त्यामुळे अधिक भीत आणि श्वास अधिकच वाढे. तो सावकाश सोडायचा सराव झाला.

मग एक वही आली. डाव्या बाजूला ‘मनात काय आले’, उजव्या बाजूला ‘प्रत्यक्षात काय झाले’. मावशींना लिहिता येत नाही, नातीने लिहिले. डावीकडे अपघात, उजवीकडे ‘साहेबांनी थांबवून घेतले’. डावीकडे अपघात, उजवीकडे ‘गाडी पंक्चर’. दोन्ही बाजू जुळत नसलेली अशी वही आम्ही प्रथमच समाधानाने पाहिली.

त्यानंतर एसटी. पहिल्या दिवशी सुनेबरोबर थांब्यापर्यंत जायचे आणि गाडी निघून गेल्यावर परतायचे. पुढे एक थांबा बसायचे. अट एकच: भीती वाढली की लगेच उतरायचे नाही, ती शिगेला पोहोचते आणि आपोआप ओसरू लागते, तोवर बसून राहायचे. दुसऱ्या खेपेला मावशी मध्येच उतरून रडत परतल्या. समुपदेशिका रागावली नाही. पायरी थोडी लहान केली. चौथ्या महिन्यात त्या पौडच्या बाजारातून स्वतः निवडलेली चादर घेऊन आल्या. पावसाळी रात्री त्यांना आजही धडधडते. मात्र ईसीजीच्या खोलीकडे त्या फिरकलेल्या नाहीत.

या उपचारामागे मोठी परंपरा आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून तो आत्मसात केला आणि रुजविला. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयी आपण स्वतःशी काय बोलतो, ते अधिक छळते, हे त्याचे सूत्र. मराठीत ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ यांना शब्द एकच, त्यामुळे आपल्या आयाबहिणींना काळजी सोडणे म्हणजे माया सोडणे वाटत असावे. हा आमचा तर्क, डॉक्टरांचा नव्हे.

खेड्यात एवढे तज्ज्ञ कोठून आणायचे, ही शंका विश्वस्तांनी रास्तच काढली. तिचे उत्तर गोव्यात आहे. तेथे ‘संगात’ संस्थेच्या पुढाकाराने ‘मानस’ प्रकल्पात स्थानिक समुपदेशिकांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत बसविले. डॉक्टर सोबतीला, मानसोपचारतज्ज्ञ देखरेखीला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने यांतील हा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंताविकार असलेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. हिशेबात सोयीचीच बाजू दाखविणे आम्हांला शिकविलेले नाही. पण गरीब रुग्ण जेथे जातो तेथेच उपयोग अधिक झाला, ही गोष्ट आमच्यासारख्या रुग्णालयाने लक्षात घेण्याजोगी आहे.

बोलण्याने सर्वच बरे होतात असे नाही. काहींना औषध लागते, ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवितात. छातीत प्रथमच दुखू लागले तर आधी डॉक्टरांकडेच यावे. ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नये. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा शासनाचा ‘टेलि-मानस’ क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

नातेवाइकांना एक विनंती. आत काय बोलणे झाले, हे आम्हांला विचारू नये. ते आम्हांलाही ठाऊक नसते आणि विश्वस्तांनाही कळविले जात नाही.

आता खर्चाकडे वळतो. मानधनासाठी मिळालेली देणगी येत्या मार्चअखेर संपते. शिवाय अनेक रुग्ण दोन-तीन भेटींनंतर येईनासे होतात. चौकशी केली तेव्हा कारण लाजेचे कमी आणि बुडणाऱ्या रोजाचे व एसटीच्या भाड्याचे अधिक निघाले. म्हणून अंदाजपत्रकात मानधनाखाली ‘रुग्णांचे प्रवासभाडे’ अशी नवी ओळ आम्ही घातली आहे. त्या ओळीवर हरकत घेणारा पूर्वीचा व्यवस्थापक आज आपल्यासमोर तिची शिफारस करीत आहे. विषयपत्रिकेवर ती सहाव्या क्रमांकावर आहे.