वारेतून जाणारी साखर



साडेचार किलोचे मूल झाले की आपण पेढे वाटतो. पण आईच्या रक्तात साखर वाढलेली असली, तर ते बाळसे नव्हे. साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन जात नाही. मग बाळच जादा इन्शुलिन करते, चरबी साठवते आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकदम उतरते.

शिवाय अशा बाळांच्या नाळेतील रक्तात जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या आहेत. पोथी तीच, पण कोणते पान वाचायचे ते खुणा सांगतात! पुढच्या मधुमेहात त्यांचा वाटा असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

सुनेला बोल लावू नका; वारेतल्या रसांनीच इन्शुलिनचा जोर कमी पडतो. पहिल्या तपासणीतच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा १४० च्या खाली आला, तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा पाहतात. उपाशी जावे लागत नाही.