सिकलसेल : तपासणीनंतरचे कार्य



भगवान बुद्धांनी भिक्खूच्या गरजा चार मानल्या : चीवर, भोजन, निवास आणि आजारपणातील औषध. अन्नवस्त्राच्या पंक्तीला औषध बसविणारा हा विचार आमचा वारसा आहे. बाबासाहेबांनी तर मधुमेहाने शरीर पोखरले असताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ सिद्ध केला. दीर्घ आजारासह जगणे या चळवळीला परके नाही.

आज आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आजाराविषयी बोलणार आहोत. विदर्भातील आदिवासी व बौद्ध समाजांत तो विशेषत्वाने आढळतो, आणि तेथून परदेशी आलेल्या अनेक कुटुंबांच्या नात्यागोत्यात त्याची ओळख आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत व सांध्यांत असह्य कळा उठतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. ज्या प्रदेशांत मलेरियाचा प्रादुर्भाव होता, तेथे वाहकांना त्यापासून काहीसे संरक्षण मिळत असे. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि भारत येथे हा गुण टिकून राहिला. यात जातीचा दोष नाही, दैवाचा कोप नाही आणि मागील जन्मीचे पाप तर मुळीच नाही.

1972 साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा नाव घेतले गेले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरांचे. त्याच ब्लॅक पँथरांनी 1971 साली वस्त्यावस्त्यांतून सिकलसेलच्या मोफत तपासणीची मोहीम सुरू केली होती. पुढील वर्षी अमेरिकेत या आजारासंबंधी राष्ट्रीय कायदा झाला. ज्यांचे नाव आपल्या चळवळीने घेतले, त्यांचे हे कार्यही पुढे न्यावयास हवे.

या आजारावर औषध आहे. लहान मुलांना नियमित पेनिसिलीन दिल्यास घातक जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे 1986 साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांचे कळांचे प्रसंग जवळपास निम्म्यावर येतात, हे 1995 साली दिसून आले. मात्र हे औषध रोज घ्यावे लागते, आणि ठरावीक मुदतीने रक्त तपासावे लागते. गोळी थांबली की तिचा लाभही हळूहळू ओसरतो. दूरच्या खेड्यातील मजुराला महिन्याकाठी रुग्णालयात जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे आणि वर एस.टी.चे भाडे. तेथे पोहोचल्यावर औषध संपले असल्याचे कळले, तर तो पुन्हा येईलच असे नाही.

भारत सरकारने 2023 साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु तपासणी एका दिवसात होते, औषध मात्र जन्मभर लागते. हातात अहवाल दिला आणि गोळी दिली नाही, तर त्या माणसाच्या वाट्याला केवळ चिंता येते.

ज्या देशात आम्ही राहतो, तेथेही सारे सुरळीत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये औषधचिठ्ठीला शुल्क नाही. इंग्लंडमध्ये प्रौढांना ते द्यावे लागते. कोणत्या दीर्घ आजारांना सूट द्यावी याची यादी तेथे 1968 साली ठरली. तीत मधुमेह आहे, 2009 साली कर्करोग आला. सिकलसेलला मात्र आजवर स्थान मिळालेले नाही. आमचे कृष्णवर्णीय बांधव यासाठी वर्षानुवर्षे झगडत आहेत. त्यांच्या लढ्यात आमचा आवाज मिसळला पाहिजे.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. एक, मायदेशी शिबिरासाठी निधी पाठविताना आढळलेल्या रुग्णांच्या वर्षभराच्या औषधाची, रक्ततपासणीची आणि प्रवासखर्चाची तरतूद त्याच निधीत असावी. शिबिराच्या छायाचित्रांबरोबर किती रुग्णांना बारा महिने औषध मिळाले, याचाही हिशेब मागवावा. दोन, इंग्लंडमधील प्रत्येक सभासदाने आपल्या खासदारास या सवलतीविषयी पत्र लिहावे. तीन, सोयरीक जुळविताना पत्रिका आम्ही पाहत नाही. रक्ताचा अहवाल मात्र अवश्य पाहावा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. ते लपविण्याचे कारण नाही, आणि त्यावरून मुलीला नाकारणे हा तर उघड अन्याय आहे. दोघेही वाहक असल्यास त्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊन, सर्व समजून निर्णय करावा.

करुणा ही भावना खरी. पण रुग्णाच्या घरी ती दरमहा गोळीच्या रूपाने पोहोचली पाहिजे. एवढे कार्य या संघाने अंगावर घ्यावे, अशी विनंती करून आम्ही थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!