गाणं कुणाचं, नाव कुणाचं

मागच्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप धाडला की पुढच्या वेळी जरा हलकंफुलकं सांगा. म्हणून आज सिनेमाच्या गाण्यांविषयी बोलू. हलकं आहे का नाही, ते तुम्हीच ठरवा.

सिनेमातलं गाणं म्हटलं की आपल्याला पडद्यावरची नटी आठवते. फार तर गाणारीचं नाव आठवतं. पण शब्दांना चाल लावायची, कुठलं वाद्य कुठे वाजवायचं, कुणाचा गळा त्या गाण्याला शोभेल, हे सगळं ठरवतो तो संगीतकार. आणि हा संगीतकार बहुतेक वेळा पुरुषच असतो. बायका गातात शेकड्यांनी, चाली लावणाऱ्या मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. फार पूर्वी बॉम्बे टॉकीजमध्ये सरस्वतीदेवी होत्या. १९५९ मध्ये ‘दिल देके देखो’ या चित्रपटापासून उषा खन्ना आल्या. आपल्या लताबाईंनीसुद्धा ‘साधी माणसं’सारख्या मराठी चित्रपटांना चाली दिल्या, पण ‘आनंदघन’ हे नाव घेऊन. लताबाईंएवढ्या बाईनेही चाली लावताना दुसरं नाव घ्यावं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

आज ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्या आहेत स्नेहा खानवलकर. इंदूरच्या मराठी घरातल्या. आईच्या माहेरी ग्वाल्हेर घराण्याचं गाणं, त्यामुळे सूर लहानपणापासून कानावर. पुढे घर मुंबईला आलं आणि हळूहळू त्या सिनेमाच्या संगीताकडे वळल्या.

त्यांचं काम आम्हाला आवडलं ते एका गोष्टीसाठी. गाणं बनवायचं म्हणून त्या स्टुडिओत दार लावून बसल्या नाहीत. २००८ साली ‘ओये लकी! लकी ओये!’ आला. त्यासाठी त्या हरियाणात फिरल्या. तिकडे रागिणी नावाचा गाण्याचा प्रकार आहे. रात्र-रात्र चढाओढ चालते, आणि ऐकायला बसतात ते बहुतेक पुरुष. आपल्याकडच्या फडासारखंच म्हणा. अशा ठिकाणी ही एकटी तरुण मुलगी जाऊन ऐकत बसायची. त्या सिनेमात राजबीर नावाच्या मुलाने गायलेली रागिणी आहे, आणि पंजाबचे देसराज लचकानी यांनी म्हटलेली जुगनी आहे. मुंबईच्या नावाजलेल्या गायकाकडून ते गावाकडच्या ढंगात म्हणवून घेता आलं असतं. तसं त्यांनी केलं नाही.

मग २०१२ मध्ये ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ आला, दोन भागांत. आधीच सांगतो, हा सिनेमा मुलाबाळांत बसून बघण्यासारखा नाही. शिव्या आणि रक्तपात भरपूर. आमच्यातल्या दोघीतिघी तर अर्ध्यातूनच उठल्या. पण गाणी ऐका. त्यासाठी स्नेहाताई बिहारमध्ये फिरल्या, तिथल्या गाणाऱ्यांना ऐकलं, त्यांचेच आवाज घेतले. ‘वुमनिया’ हे गाणं खुशबू राज आणि रेखा झा यांनी म्हटलंय. शब्द वरुण ग्रोव्हर यांचे. गाण्याचा बाज सगळा बायकांच्या थट्टेचा. आपल्याकडे लग्नात विहिणीविहिणी एकमेकींना टोचून गातात ना, तसा. आवाज घोटीव, गुळगुळीत नाहीत. ऐकताना वाटतं, मांडवाच्या मागे चुलीजवळ बसूनच कुणी म्हणतंय. दुसऱ्या भागात शारदा सिन्हांनी म्हटलेलं ‘तार बिजली’ आहे. बिहारमध्ये लग्नात आणि छठपूजेला त्यांचीच गाणी वाजत असतात.

एक गाणं तर थेट त्रिनिदादहून आणलं. त्रिनिदाद म्हणजे सातासमुद्रापलीकडचं बेट. इंग्रजांच्या काळात बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत करारावर मजूर म्हणून नेली. बायका जाताना गाणी घेऊन गेल्या. लग्नातली, बारशाची. त्यातून तिथे जो प्रकार तयार झाला त्याला चटणी संगीत म्हणतात. नाव चटणीच आहे, आम्ही गंमत करत नाही. स्नेहाताई तिथे गेल्या आणि तिथल्या गायकाचा आवाज घेऊन ‘हंटर’ हे गाणं आलं. शेदीडशे वर्षांपूर्वी बोटीतून गेलेली चाल अशी फिरून मायदेशी आली.

फिल्मफेअरला त्या वर्षी उत्कृष्ट संगीतासाठी त्यांचं नामांकन झालं. पारितोषिक दुसऱ्याला मिळालं, ती गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी टीव्हीवर एमटीव्हीने त्यांना घेऊन ‘साउंड ट्रिपिन’ नावाची मालिका काढली. दर भागात एक गाव. तिथे जायचं, तिथले आवाज टिपायचे आणि त्यातून गाणं रचायचं. पंजाबातल्या किला रायपूरला ग्रामीण खेळांची मोठी जत्रा भरते, तिथला एक भाग आहे. त्यात नूरां बहिणी गायल्या. त्या मालिकेमुळे त्या दोघी घराघरांत पोचल्या. हे बघताना आम्हाला आपल्या शेवयांच्या मशीनची आठवण झाली. मागच्या महिन्यात रेकॉर्डिंगमध्ये त्याची खडखड आली म्हणून आम्ही मशीनवरच्या ताईंवर चिडलो होतो. ताई, चुकलंच आमचं.

आता हे सगळं का सांगतोय, तेही सांगायला हवं.

आमच्या ग्रामसंघात एक आजी आहेत. हळदीची गाणी, डोहाळे, जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या पाठ, की एकीला दुसरी जोडत दुपार संपवतात. तीन वर्षांपूर्वी शहरातून काही जण आले. लोकगीतं जमवतोय म्हणाले. आम्हीच त्यांना आजींकडे नेलं. आजी दोन तास गायल्या. चहा-पोहे आमच्या गटाचे. ‘खूप छान’ म्हणून ते गेले. वर्षभराने आजींच्या नातवाने मोबाईल दाखवला. आवाज आजींचा, पाठीमागे ढोलकी आणि कीबोर्ड, वर भलत्याच माणसाचं नाव आणि खाली एकच शब्द, ‘पारंपरिक’.

आजी एवढंच म्हणाल्या, “माझ्या आयेनं शिकवलंय ते. परंपरा काय आभाळातनं पडती व्हय?” त्यानंतर त्या आपल्या रेडिओवरही गायल्या नाहीत. चूक आमचीही होती. आमच्यात बी.ए. झालेल्या होत्या, हिशेब तपासणाऱ्या होत्या, पण गाणारीचं नाव कुठे लिहिणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

‘वुमनिया’खाली खुशबू राज आणि रेखा झा ही नावं आम्ही वाचली, तेव्हा आजींचंच तोंड डोळ्यांपुढे आलं. नाव छापणं अवघड नसतं, छापायचं मनात असावं लागतं. आपल्या महाराष्ट्रातही हे झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचं नाव, गावाचं नाव नोंदलेलं आहे. शिवाय कायदाही आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गाण्याचा धंदा झाला तर गीतकार, संगीतकार यांचा वाटा राहतो, आणि गाणारीचाही हक्क मानला आहे. चाल जुनी आणि सगळ्यांची असेल, पण ज्या गळ्यातून ती आली तो गळा एका बाईचा असतो.

मग आम्ही एक वही केली. रेकॉर्डिंगआधी गाणारीचं नाव, गाणं कुणाकडून शिकली, कुठे वाजवायला परवानगी आहे आणि पैसे ठरले असतील तर किती, हे लिहायचं. वाचून दाखवायचं आणि मग सही किंवा अंगठा. बाहेरून कुणी आलं तरी आधी वही पुढे करायची.

ती वही घेऊन आम्ही आजींकडे गेलो. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, लिहा. स्वतःचं नाव सांगायच्या आधी त्यांनी आईचं नाव सांगितलं, मग आईच्या माहेरचं गाव. वहीत तसा रकानाच नव्हता. आम्ही समासात लिहिलं.

येत्या गुरुवारी दुपारी शाळेच्या मागच्या खोलीत आजी गाणार आहेत. जातं कुणाकडे चालू असेल तर कळवा, आमच्याकडच्या जात्याचा खुंटा निघालाय. शेजारचं शेवयांचं मशीन त्या वेळी बंद ठेवायचं की कसं, यावर अजून एकमत नाही. आजी म्हणतात, चालू राहू दे.