पाणी नदीचे, शिस्त गावाची
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेले भाषण)



महाराष्ट्राच्या पठारावरील बहुतेक मोठ्या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. तापीची वाट निराळी आहे. मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात, मुलताई येथे ती उगम पावते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील खचदरीतून ती पश्चिमेकडे जाते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरांचे असून त्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग आपल्या राज्यात येतो.

या खोऱ्याची रूपे अनेक आहेत. वऱ्हाडातून येणारी पूर्णा चांगदेव येथे तापीस मिळते. तिच्या काठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्यास वा पिकास मानवत नाही. त्याच खोऱ्यात रावेर-यावलच्या खोल गाळाच्या जमिनीत विहिरींच्या पाण्यावर केळीचे मळे उभे राहिले. सातपुड्यातून अनेर उतरते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी आणि पांझरा येतात. गिरणा, हतनूर आणि गुजरातमधील उकाई ही धरणे याच नदीसमूहावर बांधली गेली.

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते या धरणांच्या कितीतरी आधीच्या एका व्यवस्थेविषयी. पांझरा आणि मोसम यांच्या काठी, धुळे व नाशिक जिल्ह्यांत, काही शतके चालत आलेली फड पद्धत आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. नदीत दगडी बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी गावशिवारात न्यावयाचे आणि उरलेले पाणी सांडव्याने पुन्हा नदीत सोडावयाचे. यास इंजिन लागत नाही की वीज. भिजणाऱ्या शिवाराचे तीन-चार फड पाडलेले असतात. एका फडात एकच पीक घ्यावयाचे. कोठे ऊस, कोठे गहू. आणि पुढील वर्षी पिकांची पाळी बदलावयाची. पाणी सोडण्यास पाटकरी, पीक राखण्यास जागल्या आणि दोघांवर देखरेखीस हवालदार. त्यांचा मेहनताना गावच देई.

या व्यवस्थेचे मर्म वाटणीत आहे. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडीथोडी असे. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावयाचा. मग तूट एकट्या-दुकट्यावर न पडता सर्वांवर सारखी पडे. बलवंताला अधिक आणि दुबळ्याला कमी, असा प्रश्नच सहसा उद्‍भवत नसे.

आज ही पद्धत अनेक गावी क्षीण झाली आहे. वरच्या अंगाला विहिरी वाढल्या, पंप आले, आणि नदीचा हिवाळी प्रवाह आटू लागला. वाटण्यांमुळे एका भावाकडे या फडातील जमीन गेली, दुसऱ्याकडे त्या फडातील. साहजिकच कोरडा फड कोणता ठेवावा यावर एकमत होईना. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आहे, त्याला पाटाची पाळी सांभाळण्याचे कारण उरले नाही. बंधारा दगडाचा असतो, तो टिकतो. संमती मात्र दरवर्षी नव्याने मिळवावी लागते.

२००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला व पाणी वापर संस्थांना त्यात स्थान दिले. जे पांझराकाठच्या गावांनी अनुभवाने जाणले, तेच येथे कायद्याच्या भाषेत आले आहे. परंतु कागदावर नोंदलेली संस्था आणि पाटावर उभी राहणारी संस्था यांत अंतर असते. ते अंतर कमी करणे हे पंचायतीचे काम आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. शिक्षकांनी मुलांकडून गावच्या विहिरींची पातळी दरमहा मोजून शाळेच्या फळ्यावर लिहवून घ्यावी. सदस्यांनी ते आकडे पेरणीपूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावेत आणि यंदा पाणी कमी पडले तर कोणते शिवार कोरडे राहील, हे त्याच सभेत सर्वांसमक्ष ठरवावे. हा निर्णय कटू असतो. तो आधी घेतला, तर निदान त्याचा भार सर्वांना मिळून वाहता येतो.